एक नवरदेव, तीन नवऱ्या आणि आमची नवी वेबसाइट

चहा संपवा आधी. मी कशी माती खाल्ली ते ऐकताना ठसका लागला, तर मी जबाबदार नाही.

कराडला आमचं मंडप-डेकोरेशनचं दुकान आहे. आणि आमची वेबसाइटसुद्धा होती बरं का! उघडली की सनई सुरू व्हायची, ती बंद करायची सोय नव्हती. वर लाल अक्षरं धावायची, कोपऱ्यात गणपती गरगर फिरायचा. ज्यासाठी एवढा खटाटोप, तो स्टेजचा फोटो मात्र कधी उघडलाच नाही.

ही साइट नवी करायची, असं मी ठरवलं. घरात इंग्रजी बोलणारा मी एकटाच ना! पुण्याचा एक डिझायनर गाठला. तो फोनवर म्हणाला, "सर, नेटवरचे फोटो नकोत. तुमची खरी माणसं दाखवा."

एवढंच म्हणाला बिचारा. पुढची सगळी अक्कल माझी.

म्हटलं, गिऱ्हाइकांकडं फोटो मागत कुठं फिरायचं? स्टेज आपलं, फेटे आपले, फुलं आपली. आणि नवरदेव? घरात बिनलग्नाचा एकच होता, आणि देखणाही तोच होता. मी!

राहिल्या नवऱ्या. साध्या पॅकेजसाठी पिवळी साडी नेसवून वहिनींना उभं केलं. त्यांचं पोरगं मध्येच येऊन माझ्या पायाला बिलगलं. असू दे म्हटलं, फोटो जिवंत वाटतो! दुसऱ्या पॅकेजला चुलत बहीण. ती म्हणाली, "दादा, हार धरते, पण तुझ्याकडं बघणार न्हाई. शोभतं का हे?" त्यामुळं त्या फोटोत तिला कुणीतरी दम देऊन बोहल्यावर चढवल्यासारखं दिसतं. रॉयल पॅकेजला मेकअप करायला आलेल्या पार्लरवाल्या ताईंनाच शालू नेसवला.

तिन्ही फोटोंखाली ओळ टाकली, 'आमचे समाधानी ग्राहक.' तीही मलाच सुचली. कौतुक करा की!

आता ऐका. तेव्हाच मला वडूजचं स्थळ आलं होतं. इतकी वर्षं गावोगावचे पोहे खाल्ले, पण होकार आलेलं हे पहिलं स्थळ. मुलगी शाळेत शिकवते, बोलायला मोकळी, आणि मला तर लयच आवडलेली. वडील मिलिटरीतून सुभेदार म्हणून रिटायर झालेले. फक्त सुपारी फोडायची बाकी होती. आणि मी मोठ्या रुबाबात सुभेदारांना नव्या वेबसाइटची लिंक पाठवली. मागितली होती का कुणी? कुणीही नाही!

थोड्या वेळात त्यांचा फोन.

"पाव्हणं, तुमचं ह्ये कितवं?"

"कितवं काय, मामा?"

"लगीन वं!"

मला हसू आलं. म्हटलं, खरं काय ते सांगून टाकू, विषय मिटेल.

"आवं मामा, तसं न्हाई! पिवळ्या साडीतली माझी वहिनी हाय."



"आन ती तोंड फिरवून उभी ऱ्हायलेली?"

"ती बहीण!"

"बहीण?"

"चुलत हो, सख्खी न्हाई!"

सारवासारव करावी तर आम्हीच!

"आन पायाजवळचं पोरगं?"

"ते वहिनींचं. पण समदी म्हणत्यात, माझ्यावरच गेलंय!"

हे मी का बोललो? काय गरज होती?

"फोन वडलांकडं द्या," सुभेदार एकदम मिलिटरी आवाजात म्हणाले.

अण्णांनी साइट अजून बघितलीच नव्हती. त्यांना वाटलं, सुभेदार धंद्याची चौकशी करतायत. ते छाती फुगवून म्हणाले, "व्हय व्हय, फोटोत दिसतंय ते समदं घरचंच हाय! भाड्यानं आमी काय बी आणत न्हाई!"

फोन कट.

दुसऱ्या दिवशी माझा थोरला भाऊ आणि वहिनी पोराला घेऊन वडूजला जाऊन सगळं समजावून आले. सुभेदारांना पटलंही. चहा पाजला, पोराच्या हातात बिस्किटाचा पुडा दिला आणि म्हणाले, "गडी वाईट न्हाई वो. पण एवढ्या हुशार माणसाला पोरगी द्यायची म्हंजी भ्या वाटतंय."

लय वाईट वाटलं हो मला. खोटं कशाला बोलू, जेवण जाईना. वहिनी दिसल्या की मान खाली, पार्लरवाल्या ताई दिसल्या की मी रस्ताच बदलायचो. फोटो तेवढे साइटवर तसेच राहिले, कारण डिझायनर फोन उचलत नव्हता.

मग ऐन लग्नसराईत नव्या वेबसाइटवरून पहिली ऑर्डर आली. मी फोन उचलला, तर आवाज ओळखीचा. सुभेदार! पोरीचं सांगलीत जमलं होतं.

"तुमचं ते रॉयल पॅकेज पोरीला लय आवडलंय बघा," ते म्हणाले. "फोटोत हाय अगदी तसंच द्या समदं. नवरदेव तेवढा आमचा आमी आणतो."