जांभळे बेडूक आणि शंभर टक्के निकाल

साथीमुळे शाळा बंद असलेल्या वर्षात, फिलिपिन्सच्या किनाऱ्यावरील एका बालवाडीच्या शिक्षिका मिलाग्रिना पानागिटोन यांनी घरी शिकण्याची सदतीस साप्ताहिक नियोजने लिहिली. प्रत्येकात वार, उद्दिष्ट, कृती, साहित्य आणि पुरावा असे रकाने. निकाल सर्वत्र एकच: शंभर टक्के. पाच वर्षांच्या तेवीस मुलांपैकी एकाचाही रंग वर्षभरात रेघेबाहेर गेला नाही. हा चमत्कार वरिष्ठ कार्यालयाने कौतुकाचा शेरा मारून दप्तरी दाखल केला.

मॅडमना मात्र पंधरा दिवसांत पहिलीच्या यादीवर सही करायची होती, आणि यांतले कोणते मूल खरोखर दहापर्यंत मोजते, याची त्यांना सुतराम कल्पना नव्हती. एका सोमवारी रंगवायला दिलेले तेवीसही बेडूक जांभळे आले, तेव्हा त्या थेट वर्गातल्या लुविनाच्या चारिंगआजींच्या ओसरीवर गेल्या. तिथे सात आज्या मांडी घालून, जीव ओतून गृहपाठ करत होत्या. नातवंडे समुद्रावर.

"आजी, बेडूक जांभळा?"

"हिरवा खडू झाडं रंगवण्यात संपला. तुम्ही तरी किती झाडं देता हो, मॅडम!"

"हे लुविनाने करायचं होतं."

"ती? रेघ ओलांडते कार्टी. पुराव्याच्या फोटोत कसं दिसेल? नाचक्की तुमचीच!"

शेजारची आजी फणकारली, "ते राहू दे. चारिंगला तीन तारे आणि मला दोनच का?"

पुढल्या नियोजनात कागदच नव्हता. कृती: ओहोटीला शिंपले मोजणे. पुरावा: मॅडम स्वतः. आज्यांसाठी सूचना: तोंड बंद, हात पाठीशी.

सूचना तंतोतंत पाळली गेली. लुविना सातावर अडली. चारिंगआजींनी हात पाठीशी ठेवून, एक अक्षर न बोलता, ओठांचा चंबू करून आठवा शिंपला दाखवला. या गावात पत्ता विचारला तरी रस्ता ओठांनीच दाखवतात. मॅडमनी बंदी घातली होती ती बोलण्यावर आणि बोटांवर.

"आजी, पाठ फिरवा."

"घ्या! आता आमच्या तोंडावरही विश्वास नाही!"

सात पाठी वळल्या. लुविनाने पुन्हा मोजले आणि पुन्हा सातावर थांबली.

मॅडमनी निकालात "सात" लिहिले. कार्यालयाने कागद परत पाठवला: "लेखनदोष दुरुस्त करावा." मॅडमनी तो तसाच ठेवला आणि पुढच्या सोमवारच्या उद्दिष्टात लिहिले: आठ.