भिमाबाईची मक्याची भिशी

वरवट बकालच्या महिला शेतकरी कंपनीत 'पुट ऑप्शन' हा शब्द आणला तो अध्यक्ष भिमाबाईने. तो कुणाच्या गळी उतरेना, तेव्हा तिने सोपं करून सांगितलं, "भिशीसारखं समजा. पेरल्यावर हप्ता भरायचा. मका निंगेपर्यंत भाव पडला, तं ठरलेल्या भावातला फरक आपल्याले भेटते. चढला, तं बाजारात खुशाल इका."

"अन् हप्ता?" मुबीनाने विचारलं.

"तो गेला."

हे 'तो गेला' कुणाच्या ध्यानात राहिलं नाही. भिशी मात्र सगळ्यांच्या राहिली. भिशीत आज ना उद्या प्रत्येकीचा नंबर लागतोच.

त्या वर्षी मका चढला. बायकांनी चांगल्या भावात विकला आणि भरलेला हप्ता परत मागायला बैठकीत आल्या.

"आमचा नंबर कवा लागते, भिमाबाई?" सुवर्णाने विचारलं.

"भाव चढला ना, माय. तुले फायदाच झाला."

"तो माह्या मक्याचा झाला. भिशीचं काय?"

"गाडीचा इमा भरतं ना? गाडी ठोकली नाही म्हणून पैसे वापस मांगतं काय?"

"तो तं पोलीस धरते म्हणून भरतो."

सगळ्या हसल्या. भिमाबाईने मुबीनाकडे पाहिलं. दोघींचे बांध लागून. शेतातला डबासुद्धा एकत्रच उघडायचा.

"मुबीना, तू तरी सांग यायले."

मुबीना ओढणी सावरत राहिली. मग म्हणाली, "मी काय सांगू? पैसे तुह्या हातात देल्ले. पुढं कुठी गेले, मी थोडी पाह्यले."

आता कुणी हसलं नाही. भिमाबाईने अध्यक्षपद त्याच बैठकीत सोडलं.

पुढच्या पेरणीला कुणीही हप्ता भरला नाही, आणि मक्याचा भाव असा पडला की व्यापारी पोत्याला हातही लावेनात. भिमाबाई ओसरीत कणसं सोलत होती, तेव्हा मुबीना आली.

"तुह्यावाला मका तरी हप्त्यानं वाचला असंल."

"म्या बी नाही भरला हप्ता."

"काऊन? तुले तं सारं समजते."

"मले एकटीले पैसे भेटले असते, तं तुमीच म्हटलं असतं, पाहा, आमचे मांगच्या सालचे पैसे आता बाहीर निंगाले."

मुबीना खाली बसली. "हाव," ती म्हणाली, "म्हटलं असतं."

तिने सोलायला एक कणीस घेण्यासाठी हात पुढे केला. भिमाबाईने टोपलं आपल्याकडे ओढून घेतलं.