डावा हात खिशात

भद्रकालीच्या बाजारात जुन्या रेडिओंचे सुटे भाग विकणाऱ्या त्या माणसाचं नाव मी कधी विचारलं नाही. काही तपासताना त्याचा डावा हात कायम पँटच्या खिशात. मला ती ऐट वाटायची.

आठवीतून शाळा सोडून मी सुरगाण्याहून रेडिओ दुरुस्ती करायला आलो होतो. सातपूरच्या खोलीत दाराची जुनी फळी विटांवर टाकून टेबल केलं आणि त्याच्याचकडून व्होल्ट, करंट मोजायचा काट्याचा नवा मीटर आणला. पहिल्याच दिवशी घाईत मीटरचं बटण व्होल्टऐवजी करंटवर ठेवून दोन्ही वायरी भिंतीतल्या प्लगमध्ये घातल्या. फट् आवाज झाला, काटा हलेना. मीटर नाही तर दुरुस्तीचं काम नाही, मग परत गावी भात लावायला.

सकाळी मीटर फडक्यात गुंडाळून त्याच्यापुढे ठेवला.

"करंटवर ठेवून प्लगमध्ये घातला ना?"

"हो काका. जळला का?"

त्याने मागचं झाकण काढलं, काचेची फ्यूज उजेडात धरली आणि हसला. "मीटर बरा हाय. ही गेली. सगळ्यांची एकदा जाते."

नवी बसवली, काटा हलला. मी पाया पडायला वाकलो, तर म्हणाला, "दोन हातांत दोन वायरी होत्या?"

"हो."

"मग झटका छातीतून जातो, बाळा. मीटरची फ्यूज माझ्याकडं हाय, तुझी कुठून आणू? एक वायर चिमट्यानं अडकवायची, डावा हात खिशात."

आता तिथे तो बसत नाही. माझ्या प्रत्येक पँटचा डावा खिसा आधी फाटतो. शिवताना बायको कुरकुरते, "एवढं काय ठेवता यात?"

"हात," मी म्हणतो.