बशीतली लिविया

आमची देल्मा मावशी इटलीतल्या मोदेना शहरात एका दुकानात पास्त्याची पोळी लाटायची. उजेडाला धरली की पलीकडचा माणूस दिसावा इतकी पातळ, पण कधी फाटली नाही. एवढे हलके हात तिचे, आणि पोटच्या पोरीला कधी उचलता आलं नाही. लिवियाला जन्मापासून कातडीचा आजार, जरा घासलं की फोड. काखेत हात घातला की कातडी सुटून हातात यायची.

लिविया तोंडाची तिखट. म्हणायची, "आई, पोळीला कशी अलगद धरतेस! मलापण पीठ लाव की."

"गप गं मेले," म्हणायची मावशी, आणि लांबूनच फुंकर घालायची. तीच त्यांची मिठी.

लिविया सतराची झाली तेव्हा तिझियाना डॉक्टरीणबाईंनी तिच्या मांडीची नखाएवढी कातडी नेली. सांगितलं होतं सरळ, "यातल्या मूळपेशींतला दोष काढून नवी कातडी वाढवून बघणार. हे संशोधन आहे, देल्माताई. माणसाला लावायला अजून खूप वर्षं लागतील."

मावशीने 'लावायला' एवढंच ऐकलं. भेटेल तेव्हा विचारायची, "वाढली का हो?"

फेब्रुवारीत जखमांतून विष भिनलं नि लिविया गेली. शवपेटीपाशी मावशी रडली नाही. पुरून झाल्यावर प्रयोगशाळेत जाऊन उभी राहिली. "माझी पोरगी अर्धी तिकडे, अर्धी इथे, असं नको. द्या मला."

बाईंनी उबेच्या कपाटातून बशी काढली. तळहाताएवढी कातडी, ओली, पातळ. "दोष गेलाय हिच्यातला. पण इथून बाहेर काढली तर जगणार नाही, ताई. ठेवू की देऊ?"

"द्या."

मावशीने ती पोळी उचलावी तशी उचलली. अंगठा फिरवला. फोड नाही, फाटली नाही.

"ऊन लागतेय हो."

"कपाटाची ऊब आहे ती," बाई हळू म्हणाल्या.

मावशीने ओंजळ मिटली, आत फुंकर घातली, परत घातली. तरी गार होत गेली. पार गार झाली तेव्हा अशी ओरडली मावशी, की बाई खालीच बसल्या.

ती कातडी लिवियापाशी पुरली. मग मावशी कामावर गेली. पहिली पोळी फाटली. दुसरीपण फाटली. तिसरी तिने घेतलीच नाही. आता घरीच असते, दारात, हात मांडीवर उपडे टाकून. कुणी जवळ घ्यायला गेलं की मागे सरते.