चुन्याच्या भिंतीवरचं सिमेंट

बिल्डरने आणलेल्या इंजिनिअरने परवा कॉलनीच्या सभेत माझ्याच भिंतीचा फोटो दाखवला. "देखो साब, दीवार में पानी. ये घरां रहने के लायक नई." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मुसी नदीच्या महापुरानंतर निजामाच्या राजवटीत आखलेली ही वस्ती. सरळ गल्ल्या, घरामागे सफाईची बोळ, हातभर जाड चुन्याच्या भिंती, छताशी झरोके. मे महिन्यात अख्खं हैदराबाद भाजून निघतं, तेव्हा आम्ही दुपारी जमिनीवर चटई टाकून गाढ झोपतो. आणि कालचा हा पोरगा आमची घरं नापास करतो! म्हणे सगळ्यांनी सह्या करा, मोठी इमारत उभी राहील.

"फोटो झूटा आहे का रे?" शेजारी बसलेल्या दादाने विचारलं. घर आम्हा दोघा भावांच्या नावावर आहे आणि त्याला फ्लॅट हवा आहे.

फोटो खरा होता, राग त्याचाच आला. वडील होते तोवर दरवर्षी गणपतीआधी बेगम बाजारातून चुना यायचा, पिंपात भिजायचा, आम्ही भिंती पांढऱ्या करायचो. वडील गेले आणि मला त्या राड्याचा कंटाळा आला. पगार चांगला होता, अक्कल कमी. मी बाहेरून सिमेंटचं प्लास्टर करून वर चकचकीत ऑइलपेंट लावायला सांगितलं. म्हातारा गवंडी म्हणाला होता, "चुने पे सिमिट नक्को साब. पानी अंदरिच रह जाता."

"तुम काम करो मियाँ," मी त्याला सुनावलं.

भिंत अशी झळकली की गल्लीतल्या सगळ्यांनी माझं पाहून तेच केलं. आज घरोघर ओल आहे.

सभेत मी उठून सांगितलं, "घरं चांगली आहेत. मी बिघडवली." सह्यांचा कागद हातोहात फिरत राहिला. दादाने सही केली आणि कागद माझ्यापुढे सरकवला. मी तो तसाच पुढे ढकलला.

दुसऱ्या दिवशी छिन्नी-हातोडा घेऊन माझंच सिमेंट फोडायला बसलो. दुपारपर्यंत वीतभर निघालं. आतला चुना ओला होता. नखाने खरवडून पाहिला, तर इतकी वर्षं ओल खाऊनही कणही सुटला नाही.