बांधावरचे ऐन

थोरला भाऊ अजून सांगत सुटतो की त्या वर्षीचा गहू पावसानं बुडवला. साफ खोटं हाय ते.

आमच्या जोयड्याच्या रानात गहू पेरतं कोण? पण भात काढल्यावर जमिनीत ओल होती, तिच्यावर मी पेरला. बांधावर ऐनाची पाच झाडं. पेरायच्या आधीच मी म्हणालो, "आण्णा, फांद्या आत्ताच उतरवू. पाला कमी झाला की झाडं पाणी कमी ओढतील."

"संक्रांतीआधी ऐनाला कोयता लावायचा न्हाई. राबाचा पाला हाय तो, आत्ता उतरवला तर तवर झडून जाईल."

राब म्हणजे भाताचं रोप टाकायची जागा भाजायला लागणाऱ्या फांद्या. पुढच्या भातासाठी ह्यानं उभा गहू तहानेला ठेवला! संक्रांत झाल्यावर चढला आणि झाडं बोडकी केली. तोवर बांधाजवळची ओल संपली होती. लांबचा गहू मांडीएवढा, झाडांजवळचा वीतभर.

राब पेटवला त्या दिवशी मी बांधाकडच्या ओंब्या उपटून त्याच्यासमोर चोळल्या. तळहातावर नुसता भुसा.

"टाक ह्यात," तो शांतपणे म्हणाला, "तेवढाच राब वाढंल."