भावाच्या पोटातली माझी किडनी

धाकट्या भावाला मी माझी एक किडनी दिली आणि त्याच्या मेहुण्यानं ती घालवली. असं बोलू नये म्हणतात. मी बोलणार.

भाऊ तालमीत वाढलेला. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी बजावलं होतं, गोळ्या जन्मभर चुकवायच्या नाहीत. त्या प्रतिकारशक्ती दाबून ठेवतात, म्हणून शरीर दुसऱ्याची किडनी खपवून घेतं. पण ताकद मुद्दाम कमी करायची, हे आमच्याकडच्या गड्याच्या पचनी पडत नाही. साधी सर्दी झाली तरी तो गोळ्यांना शिव्या घालायचा.

भावजयीच्या भावानं हे बरोबर हेरलं. जयसिंगपुरात त्याचं केस उगवून देण्याचं आणि गुडघे बरे करण्याचं दुकान आहे; पाटीवर मात्र ‘सेंटर’ लिहिलंय. एका रविवारी मी भावाकडं गेले, तर खिडकीच्या गजाला सलाईनची बाटली लटकवलेली, नळी भावाच्या हातात, आणि मेहुणा शेजारी ताटावर बसलेला.

“एक्सोसोम हायत आक्का,” भाऊ म्हणाला. “इम्युनिटी वाढतीया. गोळ्या बंद केल्यात की मी.”

माझं डोकंच फिरलं. “वाढलेली इम्युनिटी पहिल्यांदा कुणाला खाईल? माझ्या किडनीला!”

“तुमची कशी?” मेहुणा रस्सा भुरकत म्हणाला. “दिलीसा न्हवं? आता दाजींचीच की.”

त्याच्या ताटाला लाथ मारली नाही, एवढंच. नळी बंद केली, बाटली काढून मोरीत ओतली आणि त्याला चालता हो म्हणून सांगितलं. भावजय रडायला लागली, “वन्सं, पावण्याला भरल्या ताटावरनं उठवलंसा!” नवऱ्याच्या गोळ्या बंद होत्या, त्याबद्दल तिच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं.

पुढं भावाला हॉस्पिटलात दाखल करावं लागलं, तेव्हा डॉक्टरांनी समजावून सांगितलं. एक्सोसोम म्हणजे थोतांड नव्हे. प्रत्येक पेशी अशी बारीक पुडकी सोडत असते, दुसऱ्या पेशींसाठी त्यांत निरोप असतो. माझी किडनीही त्याच्या रक्तात ती सोडत होती, आणि त्यांच्यावर खूण माझी. परकी खूण दिसली की पांढऱ्या पेशी चवताळतात. गोळ्या त्यांनाच आवरतात. उद्या अशा पुडक्यांतून औषधही पोचवता येईल, संशोधन चालू आहे. त्या बाटलीत काय होतं, देव जाणे. गोळ्या सुटल्या होत्या, तेवढं पुरलं.

किडनी गेली. बंद पडलेली किडनी बहुतेक वेळा काढतही नाहीत, तशीच आत राहू देतात. मेहुणा अजून रविवारी जेवायला येतो. मला बोलावणं नसतं.

परवा डायलिसिसला सोबत कोणी नव्हतं, म्हणून मी गेले. भाऊ खाटेवरून माझ्याकडं वळला.

“आक्का, तुझी ऱ्हायलेली किडनी बरी चाललीया न्हवं?”

इतक्या दिवसांत हे मला विचारणारा तो पहिलाच. त्याचाही मला रागच आला.